सोळा खुंट्यांवरचा भैरव

टीबी-३०३ या खालचे सूर वाजवणाऱ्या यंत्रात सूर भरायची रीत उलटी आहे. गाणारा किंवा वाजवणारा माणूस सूर आणि त्याची लांबी एकदमच मनात आणतो. 'सा' किती थांबणार हे 'सा' लावतानाच ठरलेलं असतं. इथे तसं चालत नाही. पहिल्या फेरीत नुसते सूर भरायचे, लयीचा विचारही न करता. दुसऱ्या फेरीत वेळ भरायची: या जागी नवा सूर, या जागी मागचाच लांबलेला, या जागी गप्प. मग परत सुरांकडे येऊन सांगायचं की कुठला ठासून वाजेल आणि कुठला पुढच्या सुरात सरकत जाईल. एका चक्राला जास्तीत जास्त सोळा जागा. पट्ट्या एका सप्तकाच्या, बोटाच्या पेराएवढ्या. एक जागा चुकली की पुढची सगळी ओळ घसरते, आणि घसरल्यावर जे वाजतं ते बहुतेक वेळा निव्वळ कचरा असतं. कधीकधी मात्र ठरवलं होतं त्याहून बरं काहीतरी निघतं.

राहनाळला जुन्या ठाणे-भिवंडी रस्त्यापासून आत, गोदामांच्या रांगेमागे माझ्या चुलतभावाची खोली आहे. तिथे बसून आम्ही भैरव राग या यंत्रात उतरवत होतो. भाऊ बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. लग्नसराईत एकेका रात्री दोन-दोन हळदी, मग गणपती, मग नवरात्र, आणि मधल्या दिवसांत या खोलीत हळदीच्या गाण्यांचे रिमिक्स. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. त्यांचा उपयोग फारसा होत नाही, कारण कंटेनर मागे घेताना वाजणारी पीं-पीं सरळ आत येते. मूळ टीबी-३०३ आता आपल्यासारख्यांना परवडत नाही. आमच्याकडे होती ती स्वस्तात मिळणारी नक्कल. बटणं तीच, रीत तीच आणि हट्टीपणाही तोच.

हा खटाटोप एका रेकॉर्डसाठी होता. चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट', मुंबईत केलेली, १९८२ ची, एचएमव्हीची. दहा राग, प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा, भैरवपासून बैरागीपर्यंत. मधे ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस. तबला नाही, तानपुरा नाही. फक्त जपानी रोलँड कंपनीची तीन यंत्रं: ठेक्याला टीआर-८०८, खालच्या सुरांना टीबी-३०३ आणि वरच्या चालीला ज्युपिटर-८. तेव्हा ती खपली नाही. २०१० साली एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या समीक्षकांनी डोक्यावर घेतली. शिकागोत १९८७ साली ज्याला 'अ‍ॅसिड हाउस' नाव पडलं ते संगीत मुंबईत पाच वर्षं आधीच वाजलं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हापासून या रेकॉर्डबद्दल जे जे लिहिलं जातं ते बहुतेक याच वाक्याभोवती फिरतं. मला ते वाक्य अपुरं वाटतं. का ते सांगायचं तर यंत्रापाशी बसावं लागतं.

चरणजित सिंग हे स्टुडिओतले वाजंत्री होते. हा शब्द मी आदराने वापरतोय. आमच्याकडे वाजंत्र्याशिवाय लग्न लागत नाही. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन अशा सगळ्यांकडे त्यांनी वाजवलं: बास गिटार, हवाईयन गिटार, ट्रान्झिकॉर्ड, पुढे सिंथेसायझर. त्या काळच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणाऱ्याचं नाव रेकॉर्डच्या पाकिटावर येत नसे. शिफ्टचे पैसे मिळत, नोटेशन समोर येई, दोन तालमींत जमवायचं आणि टेक द्यायचा. जोडीला स्वतःचा ऑर्केस्ट्रा, समारंभांत वाजवणं, सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या वाद्यावरच्या रेकॉर्ड काढणं. माणसं कशाने उठून नाचतात आणि कशाने जेवणाकडे वळतात हे अशा माणसाला सांगावं लागत नाही.

१९८० च्या 'कुर्बानी'नंतर हिंदी सिनेमात डिस्कोची लाट होती. १९८२ च्या डिसेंबरात 'डिस्को डान्सर' आला. चरणजित सिंग यांनी नंतर मुलाखतींत सांगितलेला हेतू अगदी साधा आहे. सगळीकडे डिस्कोच चाललाय, तर ठेका डिस्कोचा ठेवू, तबला बंद करू आणि वर राग वाजवू. यंत्रं नवी घेतली होती, घरी ती एकमेकांना जोडून बघितली, बरं वाटलं, रेकॉर्ड केलं. या सांगण्यात ना बंडखोरी आहे, ना भविष्यवेध. मला ते पूर्ण खरं वाटतं, कारण भाऊही नवं यंत्र आणलं की हेच करतो.

आता भैरव. रे कोमल, ध कोमल, बाकीचे शुद्ध. पण एवढं सांगून भैरव होत नाही. त्याचा रे आंदोलित असतो. षड्जाच्या अगदी जवळून, पियानोच्या पट्टीपेक्षाही थोडा खालून, तो सावकाश हलतो. यंत्राकडे सप्तकाच्या बारा सारख्या पायऱ्या आहेत आणि मधे काहीच नाही. सरकायची सोय आहे, पण सरकायला किती वेळ लागेल ते कारखान्यात ठरलेलं. भावाने सा आणि रे मध्ये सरकणं टाकलं आणि चालू केलं. सूर झटकन जाऊन पोचला आणि तिथेच उभा राहिला.

"ह्यो भैरव नाय, भैरवाचा फोटू हाय," भाऊ म्हणाला.

मग त्याने कट-ऑफचं बटण हळूहळू फिरवायला घेतलं. हे बटण सुराला हात लावत नाही. आवाजातला वरचा चरचरीतपणा ते उघडतं आणि मिटतं. शेजारचं रेझोनन्सचं बटण वाढवलं की त्या उघडझापीच्या काठावर आवाज बोचरा, ओलसर, कुईकुई करणारा होतो. याच आवाजावर पुढे शिकागोची पोरं फिदा झाली. रे आपल्या जागी खिळलेलाच होता, पण त्याचा रंग हलायला लागला. सुराला हलता येत नाही म्हणून आवाज हलवायचा. चरणजित सिंग हे असा विचार करून फिरवत होते की नाही, मी सांगू शकत नाही. पण भैरव कानात मुरलेला माणूस या बटणांपाशी बसला की हात आपोआप तिकडे जातो, हे मी समोर पाहिलं.

त्या संध्याकाळी मामा आला होता. त्याची हयात नारपोलीकडच्या यंत्रमागांवर गेली. आता त्याच्या ओळखीचे बरेच कारखाने बंद आहेत आणि माग भंगारात गेलेत. तो बराच वेळ यंत्राच्या पळत्या लाल दिव्यांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ही तर डॉबी हाय." काठाची नक्षी विणायच्या मागावर लाकडी पट्ट्यांची साखळी फिरत असते आणि पट्ट्यांना खुंट्या ठोकलेल्या असतात. खुंटी असेल त्या घावाला ठरलेले धागे उचलले जातात, नसेल तिथे खालीच राहतात. साखळी संपली की पुन्हा पहिल्यापासून. नक्षी बदलायची तर माग थांबवून खुंट्या बदलायच्या. मामाचं म्हणणं मला तंतोतंत पटलं, कारण डॉबीच्या मागावरही कारागिराची अक्कल विणताना दिसत नाही. ती आधी, खुंट्या ठोकताना खर्च झालेली असते.

या खुंट्यांमागे एक गोष्ट लपलेली आहे आणि तिच्याकडे फार कमी लिहिणाऱ्यांचं लक्ष गेलंय. टीबी-३०३ बाजारात आली ती बास गिटारवाल्याच्या जागी. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला घरी सराव करता यावा, खालचे सूर यंत्राने धरावेत, अशी कल्पना होती. आवाज बास गिटारसारखा अजिबात नव्हता. गिऱ्हाइकांना ती पटली नाही आणि १९८४ पर्यंत कंपनीने तिचं उत्पादन थांबवलं. मुंबईत मात्र ती वापरणारा माणूस स्वतःच नावाजलेला बास गिटारवाला होता! आपल्याच कामाची सुट्टी करणारं यंत्र त्याने घरी आणलं, ठेक्याच्या यंत्राला तारेने जोडलं आणि दोघांना एका लयीत बांधून टाकलं. पुढच्या काही वर्षांत मुंबईच्या स्टुडिओंतले मोठे ताफे याच जातीच्या यंत्रांमुळे आटत गेले. चरणजित सिंग यांना त्याची चाहूल होती की नाही, रेकॉर्डवरून कळत नाही. कळतं एवढंच, की खालचं सगळं यंत्राकडे सोपवल्यावर त्यांचे दोन्ही हात मोकळे झाले.

आणि त्या मोकळ्या हातांनी काय केलं, तेच ऐकायचं राहून जातं. ज्युपिटर-८ ला पट्ट्यांच्या डाव्या बाजूला सूर वाकवायची दांडी आहे. उजव्या हाताने पट्टी दाबायची, डाव्याने दांडी ढकलायची, म्हणजे बारा पायऱ्यांच्या मधली जागा मिळते. त्याच दांडीत मींड आहे, आंदोलन आहे. भावाच्या कीबोर्डलाही तशी दांडी आहे. हळदीत ती बेंजोची खेच काढायला वापरतात. भैरवाच्या रे साठी त्याने डावा अंगठा दांडीवर ठेवला आणि पट्टी धरून ठेवली. पहिल्यांदा हेलकावा फार मोठा झाला. मग फार जोरात. मग त्याने टीबी-३०३ चा आवाज कमी करायला सांगितलं. खालचं चक्र ऐकत हात हलवला की हात त्या ठेक्यात सापडतो आणि आंदोलन ठेक्यात बसलं की ते आंदोलन उरत नाही. खालून सोळा जागा पळतायत आणि वरचा सूर त्यांच्याकडे लक्ष न देता स्वतःच्या संथपणे झुलतोय, हे जमायला त्या रात्री भावाला बराच वेळ लागला. जमलं तेव्हा अंगावर काटा आला. तो दहा-बारा वर्षं रोज वाजवणारा माणूस आहे.

या कानांनी रेकॉर्ड पुन्हा लावली. वरच्या चालीतलं ते सुरांचं वाकणं, जे आधी जुन्या सिंथेसायझरचा लाडिकपणा वाटलं होतं, तेच आता कामाचा मुख्य भाग वाटायला लागलं. ते रागदारीचं मोठं गाणं आहे असं मी म्हणणार नाही. पाच मिनिटांत मालकंस मांडता येत नाही. मेघ मल्हारला जो भार लागतो तो डिस्कोच्या ठेक्यावर पेलवत नाही. तोडी मला घाईची वाटते. क्रमाकडे पाहिलं तर सकाळचा भैरव, मग रात्रीचा भूपाली, लगेच सकाळची तोडी, म्हणजे प्रहराचा विचार बाजूला ठेवलेला. पण ललित ऐका. ललितात पंचम नाही आणि दोन्ही मध्यम शेजारी शेजारी लागतात. ही अर्ध्या पायरीची दाटी यंत्राला फार मानवते, आणि पंचमाचा आधार नसल्यामुळे खालचं चक्र कुठे टेकतच नाही. नाचणाऱ्याला जी बेचैनी लागते ती इथे रागातूनच आलीय, वरून चिकटवलेली नाही. दहांतला सगळ्यांत पक्का तुकडा माझ्या मते हा.

समीक्षकांनी मात्र खालचं चक्र ऐकलं. त्यांच्या कानांना ते ओळखीचं होतं. शिकागोत फ्यूचर नावाच्या तिघांनी जुनी टीबी-३०३ मिळवली, तिच्या बटणांशी खेळता खेळता 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' झालं आणि १९८७ मध्ये ते रेकॉर्डवर आलं. तिथून निघालेलं संगीत पुढे इंग्लंडमध्ये गोदामांत रात्र-रात्र वाजलं. (आमच्या राहनाळच्या गोदामांत रात्री फक्त पार्सलं नाचतात.) एडो बाउमन या डच संग्राहकाला चरणजित सिंग यांची रेकॉर्ड २००२ मध्ये दिल्लीच्या एका दुकानात सापडली होती. 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलवर त्याने ती पुन्हा काढली तेव्हा ऐकणाऱ्यांना तारखेवर विश्वासच बसेना. हा एखाद्या आजच्या इंग्रज संगीतकाराचा खोडसाळपणा असणार, एफेक्स ट्विनचा असेल, असाही संशय घेतला गेला. रेकॉर्ड खरी निघाली. मग 'अ‍ॅसिड हाउसचा जनक' ही पदवी आली, मुलाखती आल्या, आणि सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग तशीच यंत्रं घेऊन युरोपातल्या महोत्सवांत वाजवायला गेले. त्या संगीतप्रकाराचं नावही त्यांनी आधी ऐकलेलं नव्हतं. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचं निधन झालं.

ही उशिराची वाहवा खोटी नव्हती. तिने एका विसरलेल्या वादकाला मंच दिला, मानधन दिलं, आणि ते फार मोलाचं आहे. पण 'जनक' म्हणायचं तर लेकरं लागतात. शिकागोच्या त्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकलेली नव्हती. दोन्हीकडे यंत्र एक, त्याचा हट्ट एक, म्हणून आवाज एकासारखा एक आला. त्याच सुमारास युरोपातही काहींनी टीबी-३०३ रेकॉर्डवर वाजवली होती. मग आधी कोण, ही शर्यत लावून चरणजित सिंग यांच्या हाती काय लागतं? शर्यतीत फक्त टीबी-३०३ मोजली जाते. ज्युपिटर-८ वरचा हात, म्हणजे जे त्या जागी दुसऱ्या कुणालाच वाजवता आलं नसतं ते, हिशेबाबाहेर राहतं.

आपल्याकडची गोष्ट याहून बरी नाही. तिकडे निदान अर्धं तरी ऐकलं गेलं. इथे १९८२ मध्ये रागदारीच्या श्रोत्याला डिस्कोचा ठेका ऐकून कानावर हात ठेवावेसे वाटले असणार, आणि डिस्कोवाल्याला गाण्यात शब्दच नाहीत म्हणून चुकल्यासारखं झालं असणार. दोघांच्याही कपाटात या रेकॉर्डला खण नव्हता. मराठीत रागसंगीतावर जितकं बारकाईने लिहिलं गेलंय तितकं फार थोड्या भाषांत असेल. पण स्टुडिओत शिफ्टवर वाजवणाऱ्याने स्वतःच्या नावावर काढलेल्या रेकॉर्डकडे त्या लेखणीने बघावं, अशी चाल आपल्याकडे पडलीच नाही. बेंजो पार्टीच्या कीबोर्डवाल्याबद्दल तर बोलायलाच नको.

भावाच्या पार्टीपुढे हे वाजवून बघायचं आम्ही ठरवलं. प्रॅक्टिस रात्री असते, पोरं कामावरून सुटल्यावर. एक जण गोदामात स्कॅनर मारतो, एक टेम्पो चालवतो, पॅड वाजवणारा दिवसा कुरिअरमध्ये आहे. ऑक्टापॅड हेसुद्धा रोलँडचंच, आणि हळदीच्या रिमिक्समध्ये धमाका म्हणून जो खोल 'धुम्म' येतो तो बऱ्याचदा टीआर-८०८ चाच नमुना असतो. म्हणजे चरणजित सिंग यांच्या तीनपैकी एक यंत्र आमच्या गावाच्या छातीत रोज वाजतंच. भैरव लावला. दोन मिनिटं सगळे गप्प होते. मग पॅडवाल्याने विचारलं, "यावर नाचाचा कसा?"

प्रश्न योग्य होता. डिस्कोचा ठेका चार सरळ पावलांचा असतो. आगरी-कोळी गाण्याची चाल तशी नाही. तिच्यात सहाची झोल आहे, पाऊल टाकलं की कंबर मागून येते. त्या सरळ ठेक्यावर आमची माणसं कवायत केल्यासारखी दिसली असती. भावाने यंत्राच्या सोळा जागांतल्या शेवटच्या चार कापून बारा ठेवल्या. बारामध्ये सहा दोनदा बसतात. सूर आता वेगळ्या जागी ठसायला लागले. भैरव त्यात अवघडला. सारखं सा-रे-सा करत गोल फिरायला लागला आणि विनोदी झाला. भूपाली बसला. पाचच सूर, कुठे अर्ध्या पायरीची अडचण नाही, आणि आमच्या कितीतरी पारंपरिक चाली त्याच वळणाच्या आहेत. पॅडवाल्याने खालून ताशाची थाप दिली, बेंजोवाल्याने दोन फेऱ्या नुसत्या ऐकल्या आणि तिसऱ्यात घुसला. कुणीतरी म्हणालं, "आता आला वलनावर."

भावाचा उजवा हात वर भूपाली मांडत होता, अंगठा दांडीवर होता. मला ते फार आवडलं. पोरांना तेवढं नाही. हळदीत वरची चाल ओळखीची लागते, नाहीतर माणसं थांबून विचारतात की हे कुठलं गाणं. बेंजोवाल्याचं म्हणणं पडलं की यंत्राचं चक्र ठेवू, त्याचा कुईकुई आवाज भारी आहे, आणि वर नेहमीची चाल मी वाजवतो. मी वाद घालून पाहिला. भावाने माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि दांडीवरचा अंगठा काढून घेतला.

पुढच्या हळदीला दोन गाण्यांच्या मधल्या जागेत ते बाराचं चक्र वाजलं. गर्दीने ते घेतलं. नवरदेवाच्या मामाने शंभराची नोट भावाच्या खिशाऐवजी यंत्रावर ठेवली आणि एक पोरगा मोबाइल धरून लाल दिव्यांचा व्हिडिओ काढत राहिला. वरच्या भूपालीचं रेकॉर्डिंग भावाच्या लॅपटॉपमध्ये आहे. त्याला ते अजून नीट करायचंय. दुसऱ्या फेरीत गंधारावरून पंचमाकडे जाताना दांडी थोडी लवकर सुटते, असं त्याचं म्हणणं आहे.